एक चिन्ह, अनेक उच्चार

मराठी वाचक '१' हा अंक 'एक' असा वाचतो; पण त्यापुढे 'ला' येताच त्याच्या मुखातून 'पहिला' हा शब्द निघतो. चिन्ह तेच, उच्चार मात्र सर्वस्वी निराळा. जपानी लिपीतील कांजी चिन्हांचे मर्म यावरून ध्यानी यावे.

सूर्याचे चिन्ह घेऊ. प्राचीन चीनमध्ये ते वर्तुळ व आत बिंदू असे होते. आज ती उभी चौकट व मधे आडवी रेघ आहे. 'सूर्य' आणि 'दिवस' हे त्याचे अर्थ. 'निची' व 'जित्सु' हे उच्चार चिन्हाबरोबर चीनमधून आले. 'हि' व 'का' हे जपानचे स्वतःचे. रविवाराला 'निचियोबि' म्हणतात. त्यात हेच चिन्ह आरंभी 'निची' आणि अखेरीस, 'हि'चे रूपांतर होऊन, 'बि' असे वाचले जाते.

'एक' व 'दिवस' ही चिन्हे जोडून लिहिली, तर 'इचिनिची' म्हणजे एक दिवस, आणि 'त्सुइताची' म्हणजे महिन्याची पहिली तारीख. निवाडा वाक्यच करते. नित्य वापराच्या चिन्हांची २०१० सालची सरकारी यादी २,१३६ चिन्हांची आहे. नुसते उच्चार घोकणारा विद्यार्थी तीत हरवतो. शब्दांसह चिन्ह शिकणाऱ्याला वाट सापडते.