देशावरचं परदेशी कर्ज नेमकं कुणाचं? सरकारचं किती, कंपन्यांचं किती, समजून घ्या

'प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर ४५ हजारांचं परदेशी कर्ज' असे मेसेज अधूनमधून फिरत असतात. आकडा हवेतला नाही. मार्च २०२५ अखेर देशाचं परदेशी कर्ज सुमारे ७३,६०० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ६३ लाख कोटी रुपये होतं. पण हे सगळं कर्ज सरकारने काढलेलं नाही.

कुणाचा वाटा किती?

यात सरकारचा वाटा साधारण २३ टक्के आहे. बाकीचं कर्ज खासगी-सरकारी कंपन्या, बँका आणि इतर वित्तसंस्थांचं. परदेशातले भारतीय आपल्या बँकांत ज्या ठेवी ठेवतात, त्याही हिशेबात कर्जच धरल्या जातात, कारण ते पैसे कधी ना कधी परत द्यायचे असतात.

१९९१ मध्ये चित्र वेगळं होतं. तेव्हा एकूण कर्ज सुमारे ८,३८० कोटी डॉलर, आणि त्यात निम्म्याहून जास्त सरकारचं. पुढे उदारीकरण आलं, कंपन्यांना बाहेरून पैसा उचलायची वाट मोकळी झाली आणि खासगी वाटा वाढत गेला.

मग तेव्हा सोनं का गहाण पडलं?

आजच्या मानाने कर्ज कमी होतं, तरी देश अडचणीत आला. आखाती युद्धामुळे तेल महागलं. तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. वर्षभरात फेडायचं अल्पमुदतीचं कर्ज गंगाजळीपेक्षा जास्त झालं होतं. उसाचं बिल जानेवारीत मिळणार आणि सावकार दिवाळीलाच दारात उभा, तशी गत. शेवटी जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून डॉलर आणावे लागले.

मार्च २०२५ मध्ये अल्पमुदतीचं कर्ज गंगाजळीच्या साधारण २० टक्के होतं. एकूण कर्जाचं देशाच्या उत्पन्नाशी प्रमाणही १९९१ च्या सुमारे २९ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं आहे.

कंपनीचं कर्ज, आपल्याला काय त्याचं?

कंपनी बुडाली, तर हमी दिलेली नसेल तोवर सरकारला ते कर्ज फेडावं लागत नाही. पण म्हणून झळ बसत नाही असं नाही. डॉलर ७० रुपयांना असताना १० लाख डॉलर घेतले, तर कर्ज ७ कोटींचं. डॉलर ८५ वर गेला की तेच साडेआठ कोटी. कंपनीची कमाई रुपयांत असेल, तर वरचे दीड कोटी तिलाच भरावे लागतात. अशा अनेक कंपन्या एकदम डॉलर घ्यायला बाजारात उतरल्या की डॉलर आणखी चढतो. तेल, डीएपी, खाद्यतेल बाहेरून येतं ते डॉलरमध्येच. त्यामुळे कर्ज मुंबईतल्या कंपनीचं असलं, तरी त्याचा भार डिझेल आणि खताच्या बिलातून गावापर्यंत पोचू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी असा आकडा दिसला, तर तीन गोष्टी विचाराव्यात: कर्ज कुणाचं, वर्षभरात फेडायचं किती आणि त्यासाठी गंगाजळीत डॉलर किती?