अकरा नंबरचा बावटा

कोंकणच्या बंदरांत वादळाची सूचना देणाऱ्या बावट्यांना क्रमांक असतात. एक व दोन या क्रमांकांचा अर्थ, वादळ दूर समुद्रांत आहे. तीन व चार बंदराला सावध करतात. पांच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे. दिवसां हे संकेत शंकूच्या व नळकांड्याच्या आकृतींनीं आणि रात्रीं दिव्यांनीं देतात. परंतु लोकांच्या तोंडीं सर्वांना नांव एकच, बावटा. या मालिकेंतला शेवटचा, अकरावा बावटा मात्र निराळा आहे. वादळ किती दूर आहे किंवा कोणत्या बाजूनें येत आहे, हें तो सांगत नाहीं. वेधशाळेशीं असलेला संदेशांचा मार्ग तुटला आहे आणि बंदरावरच्या अधिकाऱ्यास हवा बिघडण्याचें भय वाटत आहे, एवढाच त्याचा अर्थ. संदेश बंद पडणें हेंच एक संकट आहे, ही जाणीव त्या क्रमांकामागें आहे.

१६ मे २०२१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हा अकरावा बावटा जणूं घरोघर चढला. तौक्ते चक्रीवादळ त्या दिवशीं गोव्याच्या व मालवणच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें. तें जमिनीवर आलें तें दुसऱ्या दिवशीं रात्रीं, गुजराथेंत. पण जातां जातां त्यानें येथील झाडें उन्मळून पाडलीं, विजेचे खांब आडवे केले आणि देवगडच्या आनंदवाडी बंदरांत होड्या बुडवून खलाशांचे प्राण घेतले. वीज गेली तसे दूरध्वनीही मुके झाले. यांत नवल नाहीं. खिशांतला दूरध्वनी बिनतारी असला तरी त्याचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेल्यावर मनोऱ्याखालच्या बॅटऱ्या कांहीं तास तग धरतात, आणि जनित्राला तेल नेणारा रस्ता झाडांनीं अडला म्हणजे पुढें सारेंच शांत होतें. शिवाय तो काळ करोनाच्या दुसऱ्या लाटेचा होता. हवेंतून प्राणवायु वेगळा काढणारें यंत्र ज्या रुग्णाच्या उशाशीं असेल, त्याचा श्वास विजेच्या तारेला बांधलेला असतो.

वादळाची पूर्वसूचना नव्हती, असें मात्र नाहीं. हवामान खातें सुमारें ४८ तास आधीं सावधगिरीचा व २४ तास आधीं प्रत्यक्ष धोक्याचा इशारा देतें. तो इशारा ओरोसच्या जिल्हा कचेरींत क्षणार्धांत पोंचतो. मार्ग अवघड होतो तो तेथून पुढें. मालवणच्या दक्षिणेस देवबाग म्हणून गांव आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी आणि मध्यें माडांनीं भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असें त्याचें रूप. २०१९ च्या ऑक्टोबरांत क्यार वादळ किनाऱ्यापासून दूर असतांही या बाजूला उधाणाचें पाणी वस्तींत शिरलें होतें. अशा गांवांत शेवटच्या घरीं अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी आहे, हें ओरोसला कसें कळावें?

तलाठ्याला जमीन ठाऊक असते, पोलीस पाटलाला माणसें ठाऊक असतात; पण कोणाच्या घरीं कोणतें दुखणें आहे, हें ठाऊक असतें गांवच्या आरोग्यसेविकेला आणि आशा कार्यकर्तीला. सुमारें १,००० वस्तीमागें एक आशा, डोंगराळ भागांत ३,००० वस्तीमागें एक उपकेंद्र आणि २०,००० वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र, अशी सरकारी रचना आहे. आशेच्या वहींत कोणती बाई कितव्या महिन्यांत आहे, कोणाला क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, कोणाचा रक्तदाब वाढलेला आहे, याची नोंद असते. ही वही रोगनिवारणासाठीं ठेवलेली. पण वादळाच्या रात्रीं प्रथम कोणाला हलवावें हें ठरवावयाचें झाल्यास गांवांत तिच्याएवढें उपयोगी पुस्तक दुसरें नाहीं. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जें जिल्हा प्राधिकरण नेमलें, त्यांत जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांस पदसिद्ध जागा आहे. जखमा बांधण्यापुरतीच ती जागा आहे असें मानलें, तर तिचा निम्मा उपयोग वायां जातो.

ही वही संकटांत कामीं यावी यासाठीं चार गोष्टी लागतात. पहिली, ती कागदावर असावी आणि दरवर्षीं १ जूनपूर्वीं, म्हणजे मासेमारीची बंदी सुरू होण्यापूर्वीं, नव्यानें तपासलेली असावी. विजेवर उघडणारी यादी वीज गेल्यावर उघडत नाहीं. दुसरी, निरोप कोणी कोणाला पोंचवावयाचा हें वाडीवार आधींच ठरलेलें असावें, आणि निरोप पोंचल्याची खूण उलट दिशेनें परत यावी. पुष्कळ योजना जाणाऱ्या निरोपाची तरतूद करतात व येणारा विसरतात. तिसरी, निरोपांत वाऱ्याच्या वेगापेक्षां करावयाचें काम असावें. वारा ताशीं ८० किलोमीटर वाहील, हें ऐकून म्हातारीला कांहींच उमजत नाहीं. उद्यांच्या भरतीपूर्वीं औषधें व शिधापत्रिका घेऊन शाळेंत जावयाचें आहे, हें उमजतें. आणि तें जिनें तिच्या नातवाला लस टोंचण्यासाठीं नेलें तिच्या तोंडून आलें, म्हणजे पटतेंही.

चौथी गोष्ट वेळेची. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रांत धांवत आहे. पण दूरध्वनी मुका व रस्त्यावर झाड आडवें असेल तर ती बोलावणार कोण आणि येणार कोठून? म्हणून दिवस भरत आलेल्या बाया व प्राणवायूच्या यंत्रावर असलेले रुग्ण यांना वारा सुटण्यापूर्वींच रुग्णालयांत नेणें इष्ट. २०२१ च्या यास वादळापूर्वीं ओडिशांत गर्भवतींना असेंच आधीं हलविलें होतें. मधुमेही माणसाजवळ पंधरवड्याचें औषध असावें. वापरांत घेतलेली इन्सुलिनची कुपी ३० अंशांखालीं, उन्हापासून दूर, सुमारें ४ आठवडे टिकते. वीज गेली म्हणून ती फेंकून देण्याची घाई नको.

वारा पडला म्हणजे संकट संपलें असेंही नाहीं. पुराच्या व चिखलाच्या पाण्यांत उंदरांच्या मूत्रावाटें लेप्टोचे जंतु येतात आणि पायांवरच्या भेगांतून शरीरांत शिरतात. ताप, पोटऱ्यांचें दुखणें व डोळ्यांची लाली ही त्याची ओळख. वेळींच औषध मिळालें तर तो बरा होतो, हयगय झाली तर यकृत व मूत्रपिंड निकामी करतो. विहिरींत टीसीएल पावडर पडली कीं नाहीं, जुलाब झालेल्या मुलाला जलसंजीवनी मिळाली कीं नाहीं, हें विचारीत फिरणारी व्यक्तिही बहुधा तीच आशा असते.

अशा व्यवस्थेनें खरोखर कांहीं साधतें काय? १९७० च्या नोव्हेंबरांत त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानांत एका वादळानें किमान ३ लाख माणसें नेलीं. बांगलादेश झाल्यावर तेथें गांवोगांव स्वयंसेवकांचें जाळें उभें राहिलें. त्यांची संख्या आज ७० हजारांहून अधिक आहे. २०२० च्या अंफान वादळांत तेथील मृतांचा आंकडा दोन अंकीच राहिला. ओडिशांत १९९९ च्या वादळानें सुमारें १०,००० बळी घेतले. २०१३ च्या फायलिनपूर्वीं सुमारें १० लाख लोकांना हलविलें गेलें आणि बळींची संख्या कांहीं डझनांवर थांबली. उपग्रह, पक्कीं आश्रयगृहें व रस्ते यांचाही यांत वांटा आहे. परंतु दार ठोठावून म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढणारा हात उपग्रहाला नाहीं.

मात्र हा हात फुकटांत राबवितां येणार नाहीं. वादळांत आशेच्याही घराचीं कौलें उडतात. तिच्याही घरीं म्हातारीं माणसें व लहान मुलें असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें भारतांतील आशांचा गौरव केला. त्याच आशांना महाराष्ट्रांत २०२३ सालीं आणि पुन्हां २०२४ च्या आरंभीं मोबदल्यासाठीं संप करावा लागला. गौरव आणि मोबदला यांतलें हें अंतर कमी झाल्यावांचून तिच्यावर आणखी एक जबाबदारी टाकणें न्यायाचें होणार नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात ती एकट्यानें ओढली जात नाहीं. दोरीला जितके हात, तितकीं माशांत वांटणीचीं माणसें. संकटाच्या दोरीलाही शिक्षक, दुकानदार, होडीवाला व खाजगी डॉक्टर यांचे हात लागले पाहिजेत, आणि त्या दोरीला धरणाऱ्या बाईला तिचा वांटाही मिळाला पाहिजे.

या दोरीचें एक टोंक मुंबईंतही आहे. गिरगांव, परळ, डोंबिवली येथील किती तरी घरांतले आईबाप आज मालवणकडे एकटे राहतात, आणि वादळाच्या दिवशीं तेथला दूरध्वनी लागेनासा झाला कीं या घरांतली चूल पेटत नाहीं. त्या चिंतेवर एक साधा उपाय चतुर्थीच्या सुटींतच करून ठेवतां येतो. आईच्या औषधांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी, तिची एक प्रत गांवच्या आशेच्या हातीं द्यावी, आणि आपल्या आईचें नांव तिच्या वहींत आहे कीं नाहीं हें समोर बसून पाहून यावें.