राखेच्या वाटेवरचे बापलेक

आपली मुले सुरक्षित राहावीत, त्यांना पोटभर मिळावे, असे कोणत्या आई-वडिलांना वाटत नाही? घर, शाळेची फी, आजारपण, लग्न यांचा हिशेब करता करताच आपली हयात जाते. पण एके दिवशी दुकाने, शेते, दवाखाने, शेजारपाजार असे सगळेच नाहीसे झाले आणि आपल्या हातात फक्त मुलाचा हात उरला, तर त्याला काय द्यायचे? अमेरिकन लेखक कॉर्मॅक मॅकार्थी (१९३३-२०२३) यांच्या ‘द रोड’ या कादंबरीत हाच प्रश्न आहे. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, २००७ मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि २००९ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला.

या कादंबरीचा जन्मच एका बापाच्या काळजीतून झाला. मॅकार्थींना हा मुलगा उतारवयात झाला होता. टेक्सासमधील एल पासो शहरात एका हॉटेलात ते उतरले होते. रात्री मूल झोपले होते आणि ते खिडकीशी उभे होते. पन्नास-शंभर वर्षांनी हे शहर कसे दिसेल, असा विचार करताना त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगरावर पेटलेल्या आगी आल्या. पुढे त्यातूनच ही कथा उभी राहिली, आणि ती त्यांनी त्या मुलालाच अर्पण केली.

कथा साधी आहे. जग कशाने उद्ध्वस्त झाले, हे लेखक सांगत नाही. सूर्य राखेआड गेला आहे, झाडे मेली आहेत, पीक उगवत नाही. भुकेने माणसे माणसांनाच खाऊ लागली आहेत. आईचा धीर सुटला आणि तिने स्वतःला संपवले. बाप आणि त्याचा लहान मुलगा दुकानातली एक ढकलगाडी घेऊन दक्षिणेला, समुद्राकडे चालत निघाले आहेत. दोघांची नावेही आपल्याला कळत नाहीत.

बापाचे प्रेम छोट्या छोट्या गोष्टींत दिसते. एका पडक्या दुकानात शीतपेयाचा एकच डबा सापडतो. तो सगळा तो मुलाच्या हाती देतो. मुलगा मात्र बापाने घोट घेतल्याशिवाय राहत नाही. एकदा बाप मुलाला कोको करून देतो आणि स्वतःच्या कपात नुसते गरम पाणी ओततो. मुलाच्या ते लगेच लक्षात येते. असे करणार नाही, असे तुम्ही कबूल केले होते, म्हणून तो बापाला टोकतो. ‘माझे झाले, तू खा’ असे म्हणणारी अम्मी ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पण कादंबरी इथेच थांबत नाही. मुलाला जगवण्यासाठी बाप हळूहळू कठोर होत जातो. प्रत्येक माणसाकडे तो संशयाने पाहतो. वाटेत एक जवळजवळ आंधळा म्हातारा भेटतो. बाप त्याला टाळून पुढे जाऊ पाहतो, तर मुलगा त्याला जेवू घालण्याचा हट्ट धरतो. समुद्रकिनाऱ्यावर एक चोर त्यांचे सगळे सामान पळवतो. बाप त्याला गाठतो आणि त्या थंडीत त्याच्या अंगावरचे कपडे व पायातले बूटसुद्धा काढून घेतो. मुलगा इतका रडतो की शेवटी दोघे मागे फिरतात. चोर सापडत नाही. त्याचे कपडे ते रस्त्यावर ठेवून येतात.

आपण चांगली माणसे आहोत, हे बापानेच मुलाला शिकवले होते. मुलाने ते खरे मानले, आणि बाप त्यापासून ढळू लागला तेव्हा त्यानेच बापाला आठवण दिली. बापाने मुलाचा जीव राखला, मुलाने बापाची माणुसकी राखली. एका ठिकाणी त्यांना जमिनीखाली अन्नाने भरलेले तळघर सापडते. खाण्यापूर्वी मुलगा, ज्या अनोळखी माणसांनी ते साठवले आणि ज्यांना ते खायला मिळाले नाही, त्यांचे आभार मानतो. पोटात भूक असतानाही शुक्र न विसरणारे हे मूल आहे.

शेवटी आजारी बाप वाटेतच प्राण सोडतो. मुलाला कायम जपणे त्याच्या हाती नव्हते. आपल्यापैकी कुणाच्याच हाती ते नसते. त्यानंतर एक अनोळखी माणूस येतो. त्याला बायको आहे, मुले आहेत. मुलगा त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि त्या कुटुंबात सामील होतो. बापाची संशयी नजर तेवढीच त्याने घेतली असती, तर तो त्या रस्त्यावर एकटाच राहिला असता.

आपल्या घरांवर असे संकट आलेले नाही. तरी ‘जग वाईट आहे, आपले तेवढे पाहा’ असे आपण मुलांना किती सहज सांगतो! सावध राहायला जरूर शिकवावे. पण दारात आलेल्या उपाशी माणसाला आपण काय देतो, फसवणाऱ्याशीही कसे वागतो, हे मुले पाहत असतात. तरबियत होते ती तिथेच. घर, जमीन, पैसा मागे ठेवता आला तर ठेवावा. पण आपण नसताना ज्याच्या बळावर मूल परक्या माणसांतही आपले होऊन राहील, ते त्याला आपल्या हयातीतच द्यावे लागते.