लिलावात जुनी जीप घेताय? आधी कागद बघा

सरकारी लिलावात मोडकी विलीज जीप दिसली की हौशी माणसाचा हात आपसूक वर जातो. पण लिलाव ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर असतो. इंजिन जाम निघालं तरी तक्रार चालत नाही. त्याहून मोठी गोची कागदांची. ‘भंगार’ म्हणून विकलेली गाडी पुन्हा रस्त्यावर येईलच, असं धरून चालू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडीच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. एवढं करूनही ती रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच. म्हणून बोली लावण्याआधीच आरसी बुक मागा आणि चेसिस नंबर स्वतः वाकून जुळवा. टोचन करून गाडी दारात आणल्यावर नंबर घासलेला दिसला, तर पैसे अडकलेच.