‘सिलेक्ट’ म्हणजे फुकटची सोय नव्हे

लिनक्स कर्नलसाठी पहिलाच ड्रायव्हर लिहिणारा माणूस सी भाषेतला कोड घासूनपुसून लख्ख करतो आणि कोणता भाग बिल्डमध्ये घ्यायचा ते ठरवणाऱ्या केकॉन्फिग फाइलमधल्या चार ओळी मात्र शेजारच्या ड्रायव्हरवरून जशाच्या तशा उचलतो. मग कोडमध्ये काहीच चूक नसताना दुसऱ्या कुणाचा तरी बिल्ड मोडतो.

सगळ्यांत चिवट गैरसमज केकॉन्फिगमधल्या ‘सिलेक्ट’ या शब्दाबद्दलचा. ते ‘डिपेंड्स ऑन’चंच सोपं रूप आहे, असं अनेकांना वाटतं. ‘डिपेंड्स ऑन’ अट घालतं: अमुक चालू नसेल तर मीही चालू होणार नाही. ‘सिलेक्ट’ हुकूम सोडतं: मी चालू झालो की तेही चालू करा, मग त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या होवोत न होवोत. आय-टू-सी बसवरच्या एखाद्या सेन्सरचा ड्रायव्हर घ्या. त्याने आय-टू-सीवर अवलंबून असलेलं ‘रेगमॅप आय-टू-सी’ सिलेक्ट केलं, पण ‘डिपेंड्स ऑन आय-टू-सी’ लिहायचं राहिलं. जिथे आय-टू-सी बंद आहे तिथे केकॉन्फिग ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी वॉर्निंग देऊन पुढे जातं आणि शेवटी लिंकर हात टेकतो. सिलेक्ट शक्यतो मेनूत न दिसणाऱ्या किंवा स्वतःच्या अटी नसलेल्या पर्यायांसाठीच वापरावं, असं कर्नलच्या दस्तऐवजातच म्हटलंय. सिलेक्ट केलेल्या पर्यायाला अट असेल, तर तीच अट आपल्या ड्रायव्हरच्या नोंदीतही लिहायची.

दुसरा समज असा, की ‘डिपेंड्स ऑन अ || !अ’ ही ओळ निरर्थक आहे. ती तर नेहमीच खरी! दोनच किमती असत्या तर हे बरोबर होतं. पण ड्रायव्हरच्या पर्यायाला तीन किमती असतात: वाय म्हणजे कर्नलमध्येच, एम म्हणजे मॉड्यूल, एन म्हणजे बंद. हिशेबात त्या 2, 1 आणि 0. ‘किंवा’ मोठी किंमत घेतं, ‘नाही’ 2मधून वजा करतं. अ मॉड्यूल असेल तर उत्तर 1, म्हणजे आपला ड्रायव्हरही फार तर मॉड्यूल. ही खबरदारी लागतेच, कारण मूळ कर्नलमध्ये बसलेला कोड मॉड्यूलमधलं फंक्शन थेट बोलावू लागला तर लिंकरला ते सापडत नाही. अ बंद असेल तर उत्तर 2, मग कसलीच आडकाठी नाही.

नेटवर्क ड्रायव्हर आणि नेटवर्कवरून अचूक वेळ जुळवणारं पीटीपी घड्याळ यांचं दुखणं नेमकं हेच होतं. पीटीपी असेल तर वापरायचं, नसेल तरी चालवून घ्यायचं. त्यासाठी बऱ्याच ड्रायव्हरांनी ‘इम्प्लाय’ वापरलं. ते नुसती शिफारस करतं, चुकीची जोडी अडवत नाही. 2021मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी ‘पीटीपी 1588 क्लॉक ऑप्शनल’ हा वेगळा पर्याय आणला आणि ही तिहेरी अट एकाच जागी बांधली. माझ्या मते केकॉन्फिग शिकायला याहून चांगला धडा नाही.

आणखी एक नेहमीची शंका: ‘एआरएम चिपचा ड्रायव्हर एक्स86वर बिल्ड करून काय मिळणार?’ चालवायचा नसतोच तो. ‘डिपेंड्स ऑन’च्या अटीत ‘कंपाइल टेस्ट’ची सवलत दिली की कर्नलभर एखादं फंक्शन बदलणाऱ्याला काय मोडलं ते आपल्याच मशिनवर कळतं.

आणि निवडलेले पर्याय साठवणाऱ्या कॉन्फिग फाइलमध्ये हाताने ‘वाय’ लिहिलं म्हणजे काम झालं, असंही नाही. अट पुरी नसेल तर पुढच्या बिल्डला ती ओळ गुपचूप गळते. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून पर्यायाचं नाव शोधा. कोणती अट ‘एन’वर अडकली आहे ते तिथे दिसतं.