जहाजावरची बक्षिसी

गोव्याची नि कोकणची पुष्कळ माणसे परदेशी प्रवासी जहाजांवर कामाला जातात. कोणी खोल्या आवरतो, कोणी जेवण वाढतो. त्यांना पगार असतो, शिवाय बक्षिसी मिळते. तिलाच टिप म्हणतात.

पूर्वी प्रवासी उतरताना पाकिटात पैसे घालून नोकराच्या हाती देत. आता पुष्कळ अमेरिकी कंपन्या ही रक्कम प्रवाशाच्या बिलातच धरतात. २०२५ साली ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर होती. ती खोलीवाले, वाढपी आणि आत राबणारे यांच्यात वाटतात.

मग काळजी कसली? पुष्कळ जहाजांवर प्रवाशाने सांगितले, की ही रक्कम बिलातून कमी करतात. म्हणजे बक्षिसीचा भरवसा नाही.

म्हणून आम्ही सांगतो, करारावर सही करण्याआधी तो वाचा. ठरलेला पगार किती, बक्षिसी किती धरली, ते विचारा. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ साली जागतिक नियम झाले. भारताने ते २०१५ साली मान्य केले. त्यांप्रमाणे कराराची प्रत आणि दरमहा पगाराचा हिशेब मिळायलाच हवा.

पगार हक्काचा, बक्षिसी खुशीची. घरखर्च पगारावरच बेता. आता वाचता येते ना? मग न वाचता सही करू नका.