माहिती जागेवर, फंक्शन तिच्या दारी

लाखो ग्राहकांच्या यादीतील दुबार नावे शोधायची असतील, तर संपूर्ण यादी डेटाबेसमधून बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर नेणे हा परिचित मार्ग आहे. त्यात वेळ जातोच. शिवाय खासगी माहितीची आणखी एक प्रत तयार होते. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये याच्या उलट करता येते. पायथन किंवा पर्लमध्ये लिहिलेले फंक्शनच माहितीपाशी नेऊन बसवायचे.

अडचण येते ती या फंक्शनच्या हाती क्वेरीचे उत्तर देताना. उत्तर म्हणजे अनेक ओळींचा तक्ता, तर साधे फंक्शन एका वेळी एकाच ओळीतील मूल्ये स्वीकारते. नावातील जादा मोकळ्या जागा काढण्यास तेवढे पुरते. परंतु 'देशपांडे' आणि 'देशपाण्डे' हा एकच ग्राहक आहे काय, हे ताडून पाहण्यासाठी दोन्ही ओळी एकत्र समोर हव्यात.

अशा वेळी २००९ मधील ८.४ या आवृत्तीत आलेले 'अ‍ॅरे_अ‍ॅग' उपयोगी पडते. पिनकोडनुसार गट पाडून ते वापरल्यास प्रत्येक गटातील नावे पायथनला एका 'लिस्ट'च्या रूपात मिळतात. नवखे येथे हमखास चकतात. क्रम सांगितला नसेल, तर नावे कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते. रिकाम्या नोंदीही 'नन' होऊन यादीत शिरतात आणि त्यांची अक्षरे मोजू जाताच सारी क्वेरी बंद पडते.

गट अवाढव्य असेल, तर हा मार्ग सोडावा. एका मूल्याची कमाल मर्यादा १ जीबी आहे. मग फंक्शनने स्वतःच क्वेरी चालवावी. 'एक्झिक्युट'ने सारे उत्तर एकदम मेमरीत येते, तर २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून मिळणाऱ्या 'कर्सर'ने ते थोडे थोडे घेता येते. पिनकोड मात्र क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नये, 'प्रिपेअर'मधून स्वतंत्रपणे द्यावा. अन्यथा पिनकोडच्या जागी कोणी आज्ञा लिहिली, तर तीही पाळली जाईल.

पायथनमधील फंक्शन सर्व्हरच्या खात्याला दिसणारी कोणतीही फाइल उघडू शकते. म्हणूनच ते तयार करण्याचा अधिकार केवळ सुपरयूजरला असतो. पर्लच्या मर्यादित आवृत्तीत फायली उघडता येत नाहीत, त्यामुळे ती सामान्य वापरकर्त्यालाही देता येते. नावे ताडून पाहण्याच्या कामाला ती पुरेशी आहे.